स्कोअरबोर्डवर चारित्र्य दिसत नाही

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा 2024चा हंगाम निम्म्यावर आला होता. बहुतेक संघांचे सहा सामने झाले होते, सहा बाकी होते. या टप्प्यावर समालोचक, माजी खेळाडू आणि चाहते एक शब्द सारखा वापरतात, ‘कॅरेक्टर’. अमुक संघात कॅरेक्टर आहे, तमुक संघाचं कॅरेक्टर उघडं पडलं. मराठीत त्याला चारित्र्य म्हणता येईल, पण आपल्या बोलण्यात या शब्दाला उगाच संशयाचा वास येतो. इथे त्याचा अर्थ दम, सचोटी आणि शब्दाला जागणं, असं सगळं मिळून आहे.

माझी तक्रार अशी की, हा शब्द नेहमी निकाल पाहून वापरला जातो. जिंकले की चारित्र्य होतं, हरले की नव्हतं. परीक्षेचा निकाल लागल्यावर ‘मुलगा पहिल्यापासूनच हुशार होता’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांसारखं हे झालं. त्या हंगामाचे पहिले सात आठवडे मी जे पाहिलं, त्यावरून माझं मत बनलंय की चारित्र्य शोधायचं तर स्कोअरबोर्ड सोडून दुसरीकडे बघावं लागतं. हातात पर्याय असताना कोण काय निवडतं, तिथे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, मैदानात एका वेळी अकरा-अकरा जण. खेळणारे विद्यापीठांचे विद्यार्थी, बहुतेक 18 ते 23 वयाचे. मात्र गर्दी अशी की, काही विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त लोक बसतात. सामने तिकडच्या शनिवारी होतात. आपल्याकडे शनिवारी रात्री सुरू होऊन रविवारी फजरच्या नमाजनंतरही चालू असतात.

आता फ्लोरिडा स्टेटचं उदाहरण घ्या. 2023मध्ये अंतिम चार संघांची निवड होईपर्यंत हा संघ 13 सामने खेळला आणि 13ही जिंकला. मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला, तरी जिंकत राहिला. सगळीकडे कौतुक झालं, चारित्र्य असावं तर असं. तरीही निवड समितीने त्यांना अंतिम चार संघांत घेतलं नाही. 2024मध्ये तेच विद्यापीठ, तेच प्रशिक्षक माइक नॉर्वेल. हंगामाआधीच्या मानांकनात ते पहिल्या दहांत होते. हंगाम निम्म्यावर आला तेव्हा त्यांच्या नावावर एक विजय आणि पाच पराभव होते. मग नऊ-दहा महिन्यांत चारित्र्य गेलं कुठे? खरं उत्तर साधं आहे. अनुभवी खेळाडू पुढे गेले, नव्यांची घडी बसली नाही. याला कौशल्य कमी पडणं म्हणतात. पण ‘कौशल्य कमी पडलं’ म्हणण्यात आपल्याला मजा येत नाही, ‘पाणी नव्हतं’ म्हणण्यात येते.

उलट बाजूही पाहा. 7 सप्टेंबरला नॉर्दर्न इलिनॉय या लहान विद्यापीठाने पाचव्या मानांकित नॉत्र दामला त्यांच्याच मैदानावर 16-14 असं हरवलं. असे सामने मोठी विद्यापीठं पैसे देऊन ठरवतात. लहान संघाने यावं, मार खावा, धनादेश घेऊन जावं. या सामन्यासाठी ठरलेली रक्कम सुमारे 14 लाख डॉलर होती. त्या संध्याकाळी नॉर्दर्न इलिनॉयचे प्रशिक्षक थॉमस हॅमॉक कॅमेऱ्यासमोर रडले. ते स्वतः याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. त्यांचे अश्रू पाहून कुणालाही भरून येईल. पण त्यांचा पुढचा सामना बफेलोशी होता आणि तो ते जादा वेळेत 23-20 असा हरले. इकडे नामुष्की झालेल्या नॉत्र दामने पुढच्याच शनिवारी पर्ड्यूला 66-7 असं लोळवलं, आणि तेव्हापासून हंगाम निम्म्यावर येईपर्यंत ते एकही सामना हरले नाहीत.

आता यातल्या कुणात चारित्र्य होतं? एका शनिवारावरून ठरवायला गेलो तर उत्तर दर आठवड्याला बदलेल. मला वाटतं, दोघांतही होतं आणि ते दोन वेगळ्या क्षणी दिसलं. लहान संघ ‘आपण फक्त धनादेशापुरते आलोय’ हे मान्य न करता मैदानात उतरला, ती एक निवड होती. मोठ्या संघाने पराभवानंतर एकमेकांवर बोटं न दाखवता सोमवारी सराव सुरू केला, ती दुसरी. बफेलोविरुद्धच्या पराभवाने पहिली निवड खोटी ठरत नाही.

मग आला 5 ऑक्टोबर. व्हँडरबिल्टने पहिल्या मानांकित अलाबामाला 40-35 असं हरवलं. 1984नंतर त्यांना अलाबामावर विजय मिळाला नव्हता, आणि पहिल्या मानांकित संघाला तर त्यांनी कधीच हरवलं नव्हतं. चाहत्यांनी गोलपोस्ट उपटले, नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून मिरवत नेले आणि कंबरलँड नदीत टाकून दिले. पण मला सांगायचंय ते वेगळं. तीन आठवड्यांपूर्वी हाच संघ जॉर्जिया स्टेटकडून हरला होता, तेव्हा ‘नेहमीचंच व्हँडरबिल्ट’ म्हणून लोक मोकळे झाले होते. आणि अलाबामाला हरवल्यानंतरच्या शनिवारी, सगळं शहर नाचून दमलेलं असताना, हा संघ केंटकीच्या मैदानावर गेला आणि 20-13 असा जिंकला. त्या केंटकीच्या सामन्याचे व्हिडिओ फार कुणी फिरवले नाहीत. माझ्या लेखी मात्र तो अलाबामावरच्या विजयाच्या तोडीचा होता. जल्लोषानंतर सोमवारी पुन्हा घाम गाळायला जाणं हे फार अवघड काम आहे. आपल्याकडे रमजानमध्ये मशिदी भरलेल्या असतात; ईदनंतरच्या आठवड्यात पहिल्या रांगेत कोण दिसतं, यावरून माणूस कळतो, असं जुनी माणसं म्हणतात. तसंच काहीसं.

त्या संघाचा क्वार्टरबॅक दिएगो पाविया. शाळेतून बाहेर पडला तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला विचारलं नाही. दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयात खेळला, तिथून न्यू मेक्सिको स्टेटला गेला आणि तिथून व्हँडरबिल्टला. म्हणजे तेव्हा ज्याच्या जिद्दीचे गोडवे गायले गेले, तो दोनदा संघ बदललेला खेळाडू आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा मुद्दा त्यावरच आहे.

सप्टेंबरच्या शेवटी नेवाडा-लास व्हेगास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका तीन सामन्यांनंतर संघ सोडून गेला. तिन्ही सामने संघाने जिंकले होते. तेव्हा नियम असा होता की, एका हंगामात चारपेक्षा जास्त सामने खेळला नाही तर खेळाडूचं ते वर्ष वाया जात नसे, ते पुढे दुसरीकडे वापरता येई. स्लुकाचं म्हणणं, संघात येताना मला एक आश्वासन दिलं होतं, ते पाळलं नाही. त्याच्या प्रतिनिधीने सांगितलं की, एक लाख डॉलरचा तोंडी शब्द होता. विद्यापीठाने ते नाकारलं. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक. पण त्या आठवड्यात टीकेचा भडिमार झाला तो जवळजवळ सगळा त्या पोरावर. साथीदारांना वाऱ्यावर सोडलं, पैशासाठी गेला, आजच्या पिढीत निष्ठा उरली नाही.

साथीदारांची बाजू खरी आहे. उन्हाळाभर एकत्र घाम गाळलेल्या मुलांना हंगामाच्या मध्यावर सोडून जाणं मलाही रुचत नाही. त्याच्या जागी हज्ज-मलिक विल्यम्स हा राखीव खेळाडू उभा राहिला आणि पहिल्याच सामन्यात संघाने फ्रेस्नो स्टेटला 59-14 असं हरवलं. न कुरकुरता बाकावर थांबलेल्या, पण रोज तयार राहिलेल्या माणसाचं हे फळ. सब्र हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. तो असा दिसतो.

पण निष्ठेचा हिशेब फक्त विशीतल्या मुलांकडूनच का मागायचा? 2024च्या जानेवारीतली गोष्ट आहे. 8 तारखेला वॉशिंग्टनचा संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना मिशिगनकडून हरला. 12 तारखेला त्यांचे प्रशिक्षक कॅलेन डिबोअर अलाबामाचे प्रशिक्षक झालेले होते. चार दिवस. ज्या मुलांना त्यांनी घराघरांत जाऊन, आईवडिलांसमोर बसून आपल्या संघात आणलं होतं, ती मुलं मागे राहिली. याला बातम्यांत ‘करिअरमधली मोठी झेप’ म्हटलं गेलं.

आणि विद्यापीठं? पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांची एक संघटना होती, पॅक-12. तिची मुळं 1915पर्यंत जातात. टीव्हीच्या करारांचा पैसा दुसरीकडे जास्त दिसला, तसे एकेक सदस्य निघाले. 2024पासून ओरेगन, वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं बिग टेनमध्ये खेळताहेत, जी मुळात मिडवेस्टची संघटना. स्टॅनफर्ड तर अटलांटिक किनाऱ्याच्या संघटनेत गेलंय. मागे राहिले दोन, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. शंभर वर्षांचा शेजार जास्त दराच्या करारासाठी मोडणाऱ्या संस्थांनी एका पोराला निष्ठेवर व्याख्यान द्यावं, हे मला पचत नाही. खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली ती 2021च्या जुलैत. त्याआधी कित्येक दशकं कोट्यवधींची उलाढाल त्यांच्या घामावर चालत होती आणि त्यांना ‘हौशी खेळाडू’ म्हणून शिष्यवृत्तीपलीकडे जवळपास काही मिळत नव्हतं. पैशाने खेळ बिघडला, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की, पैसा आधीही होता. फक्त मुलांच्या हातात नव्हता.

संघ सोडणं हा गुन्हा नाही. पावियानेही सोडले. शब्द मोडणं वेगळं. शब्द कुणी मोडला, हे विचारल्याशिवाय चारित्र्यावर बोलू नये.

आता सचोटीचा प्रश्न. 12 ऑक्टोबरला ओरेगनने ओहायो स्टेटला 32-31 असं हरवलं. शेवटी 10 सेकंद उरले असताना ओरेगनचे मैदानात अकराऐवजी बारा खेळाडू होते. दंड फक्त 5 यार्डांचा, पण त्या खेळीत ओहायो स्टेटचे 4 मोलाचे सेकंद गेले आणि ते परत मिळत नाहीत. उरलेल्या 6 सेकंदांत त्यांचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड चेंडू घेऊन धावला, घसरत खाली बसला, तोवर वेळ संपली होती. दोन दिवसांनी ओरेगनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी हसतहसत सुचवलं की, हे ठरवून केलेलं होतं. लगेच 16 तारखेला नियमाचा अर्थ बदलण्यात आला. आता शेवटच्या दोन मिनिटांत असं झालं तर वाया गेलेला वेळ परत मागता येईल.

काहींना यात मांकडिंग आठवेल. 1947मध्ये विनू मांकड यांनी सिडनीत बिल ब्राउनला गोलंदाजीच्या टोकाला धावबाद केलं आणि जगभर गहजब झाला. पण दोन्हींत फरक आहे. मांकड यांनी नियमाने दिलेला हक्क वापरला, तोही आधीच्या एका सामन्यात ब्राउनला इशारा देऊन झाल्यावर. फलंदाजाची चूक फलंदाजाला भोवली. ओरेगनने नियम मोडला आणि त्याची किंमत स्वस्त आहे, हे हेरून मोडला. दंड भरला म्हणजे सिग्नल तोडणं बरोबर ठरत नाही, तसंच हे. नियमांचा अभ्यास हुशारीचा होता, यात वाद नाही. पण ‘चालतंय तोवर चालवा’ ही शिकवण 20 वर्षांच्या मुलांना देणारा माणूस त्यांना खेळाबाहेरही काहीतरी शिकवत असतो. गंमत म्हणजे त्या रात्री ओरेगनला या क्लृप्तीची गरज होती, असंही मला वाटत नाही. ते चांगले खेळले होते.

शेवटचं उदाहरण सैन्याच्या दोन अकादमींचं. आर्मी 6-0 आणि नेव्ही 5-0, हंगाम निम्म्यावर आला तेव्हा दोन्ही संघ अपराजित होते. इथली मुलं सरकारी नोकरीत गणली जातात, त्यामुळे इतरांसारखे जाहिरातीचे करार त्यांना करता येत नाहीत. पदवीनंतर किमान पाच वर्षं सैन्यात सेवा. यावर कुणी म्हणेल, त्यांना पर्यायच नाही, मग कौतुक कसलं? पर्याय आहे. दुसरं वर्ष संपेपर्यंत अकादमी सोडली तर सेवेचं बंधन लागत नाही, आणि चांगल्या खेळाडूला बाहेर पैसा मिळू शकतो. तरी ते राहतात. उद्या ते हरले तरी ही निवड तेवढीच खरी राहील. म्हणूनच त्यांच्या विजयांपेक्षा त्यांचं तिथे असणं मला जास्त बोलकं वाटतं.

यापुढेही मी स्कोअर बघणारच. चाहता आहे, साधू नाही. पण चारित्र्य हा शब्द तोंडात येईल तेव्हा तीन प्रश्न स्वतःला विचारीन. या माणसाला दुसरं काही करता आलं असतं का? त्याने कुणाला दिलेला शब्द पाळला की मोडला? आणि हाच निकष मी त्याच्या प्रशिक्षकाला, त्याच्या विद्यापीठाला लावतोय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर मी चारित्र्याबद्दल बोलत नाही. ज्याच्यावर रागावणं सोपं आहे, त्याच्यावर रागावतोय, इतकंच.