वसतिगृह आणि पुढारीपण

“मुलास शिकावयास पाठविले आहे, पुढारीपण करावयास नव्हे,” हा उद्गार आपल्या सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकू येतो. कॉलेजच्या वसतिगृहात राहणारा मुलगा किंवा मुलगी विद्यार्थी-प्रतिनिधींच्या एखाद्या संमेलनास जाण्याची परवानगी मागू लागली की, वडिलांच्या कपाळास आठ्या पडतात व आईस परीक्षेची काळजी लागते. ही काळजी निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजूही पालकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पूर्वी परगावी शिकणारा गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सात दिवसांची सात घरे असत. आणि पंक्तीत कसे बसावे, पानात काय टाकू नये, वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे, हे त्या घरांतील माउल्यांच्या देखत तो आपोआप शिके. ती पद्धत गेली, तिच्यासवे तिच्यातील मिंधेपणाही गेला, हे इष्टच झाले. तिच्या जागी वसतिगृह आले. आमच्या परभणीस 1972 साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले व त्याच्या वसतिगृहांत ठिकठिकाणची मुलेमुली राहत आली आहेत. अध्यापक दिवसा शिकवितात, रेक्टर हजेरी घेतात. परंतु रात्रीच्या जेवणापासून पहाटेपर्यंतचे जे जीवन, त्यास वळण लावतात ती मुलेच. ते वळण चांगले लागावे की वाईट, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

ते चांगले लागले असता काय घडते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. 1938 च्या नोव्हेंबरात, निजामी अमदानीत, औरंगाबादच्या कॉलेजात व हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहांच्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. मुलांनी ती मानली नाही. शेकडो विद्यार्थ्यांस काढून टाकण्यात आले, व त्यांपैकी अनेकांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधानपदी चढलेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक होत. नित्य एकत्र जेवणाऱ्या व प्रार्थना करणाऱ्या मुलांत एकमेकांविषयी जो विश्वास उत्पन्न होतो, तो त्या प्रसंगी त्यांच्या कामी आला, असे आम्ही समजतो.

त्या वेळी प्रतिपक्ष बाहेर होता. आज तो पुष्कळदा वसतिगृहाच्या आतच असतो. नव्या मुलास वरच्या वर्गांतील मुलांनी छळणे, ज्यास रॅगिंग म्हणतात, त्यास महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याने बंदी झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 साली देशभर त्यासंबंधी नियम लागू केले. परंतु कायदा धावतो तो अपराध घडल्यावर. घरच्या आठवणीने ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, अशा मुलाशेजारी पहिल्या रात्री ताट घेऊन कोणी बसावयाचे? हे काम विद्यार्थी-प्रतिनिधीचे. आणि ते कसे करावे, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात लिहिलेले नसते.

येथेच संमेलनाचा उपयोग आहे. तैत्तिरीयोपनिषदाच्या शीक्षावल्लीत अध्ययन संपविलेल्या शिष्यास आचार्य उपदेश करतात, त्यात एक मार्मिक सूचना आढळते. आचरणाविषयी संशय पडल्यास, जे विचारी, धर्मनिष्ठ आणि वृत्तीने कठोर नसलेले लोक तेथे असतील, ते कसे वागतात हे पाहून तसे वागावे. मेसचा हिशेब भिंतीवर लावल्याने एका ठिकाणची कुरबुर थांबली असेल, तर दुसऱ्या ठिकाणच्या प्रतिनिधीस ती युक्ती संमेलनात समक्ष कळते. अमेरिकेत वसतिगृहवासी विद्यार्थ्यांची एक संघटना 1954 पासून याच कामी चालत आली आहे. आपल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव कलांसाठी व ‘आविष्कार’ संशोधनासाठी भरतो. त्याच धर्तीवर राहुरी, अकोला, दापोली व परभणी या चार कृषी विद्यापीठांच्या वसतिगृह-प्रतिनिधींनी वर्षातून दोन दिवस एकत्र बसावे, आणि भोजन, स्वच्छता, आजारपण व नवागतांचे स्वागत यांचा विचार करावा, अशी आमची सूचना आहे. परिषदा या प्रांतास नव्या नव्हेत. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 साली ज्या परतुरास भरले, ते त्या काळी परभणी जिल्ह्यातच होते.

हारतुरे, छायाचित्रे व लांबलचक भाषणे यांतच संमेलन आटोपते, हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. म्हणून आम्ही त्यास एक अट जोडतो. प्रतिनिधीने परत आल्यावर आठ दिवसांच्या आत सर्व मुलांसमोर उभे राहून तीन गोष्टी सांगाव्यात: तेथे काय पाहिले, त्यातील काय आपल्याकडे करता येईल, आणि त्याचा भार कोण उचलणार. ज्यास हे सांगता येणार नाही, त्यास पुन्हा पाठवू नये. परीक्षा तोंडावर असता संमेलन भरवू नये, हे तर उघडच आहे.

पालकांनी मुलांस दूरध्वनीवरून गुणांची चौकशी अवश्य करावी, तिच्या जोडीस आणखी एक प्रश्न विचारावा, “शेजारच्या खोलीत नवा आलेला मुलगा आज जेवला का?” ज्यास याचे उत्तर ठाऊक असेल, त्याच्या पुढारीपणास घरच्यांनी भिण्याचे काही कारण नाही.