ईदला नवा हेडसेट हवाच का?

रमजानचे मधले दहा दिवस, म्हणजे दुसरा अशरा, संपत आला की घरोघरी ईदच्या याद्या सुरू होतात. कपडे, चपला, शेवया, सुकामेवा, अत्तर. ही यादी जुनीच आहे. आमच्या कोकणात तिला आणखी एक कलम असते : आखातातून सुटीवर येणाऱ्या माणसाला काय सांगायचे? गावागावांतली माणसे मस्कत, दोहा, कुवेत, दुबईला कामाला आहेत. पूर्वी त्यांच्या बॅगेतून टेपरेकॉर्डर आणि ब्लँकेट निघायचे, नंतर मोबाइल निघू लागले. आता काही घरांतली मुले व्हीआर हेडसेट मागतात, आणि ज्यांच्याकडे तो आधीच आहे ती त्याच्या पुढचा मागतात.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. पाणबुड्याच्या चष्म्यासारखे दिसणारे हे यंत्र डोळ्यांवर बांधायचे. आत प्रत्येक डोळ्यासमोर भिंग आणि त्यामागे पडदा असतो. मान वळवली की चित्रही वळते, आणि माणूस दिवाणखान्यात उभा राहून समुद्राच्या तळाशी किंवा क्रिकेटच्या मैदानात गेल्यासारखा वावरतो.

आमच्या घरी क्वेस्ट २ आहे. मेटा कंपनीने, म्हणजे तेव्हाच्या फेसबुकने, तो ऑक्टोबर २०२० मध्ये बाजारात आणला. माझ्या भावाने दोह्याहून येताना तो मुलासाठी आणला होता. यंदा मुलाची मागणी आहे की मामूंनी ईदला येताना नवा आणावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्वेस्ट ३ आला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची स्वस्त आवृत्ती, क्वेस्ट ३एस. अमेरिकेतली ३एसची सुरुवातीची किंमत २९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २५ हजार रुपये. ५१२ जीबीच्या क्वेस्ट ३ची किंमत त्याच वेळी ४९९ डॉलर, म्हणजे ४२ हजारांच्या घरात. आपल्याकडे हातात पडेपर्यंत आकडा वाढतो तो वेगळाच.

मागणी ऐकून ‘नको’ म्हणणे सोपे आहे आणि ‘आण’ म्हणणे त्याहून सोपे. पण दोन्हींच्या आधी नव्यात नेमके काय नवे आहे, हे पाहायला हवे. मी ते पाहिले, आणि जाहिरातीपेक्षा वेगळे चित्र दिसले.

क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३एस यांच्या पडद्याची ताकद एकच आहे : एका डोळ्याला १८३२ बाय १९२० बिंदू. भिंगेही एकाच जातीची, फ्रेनेल नावाची. त्यांवर वर्तुळाकार खाचा असतात. मधोमध पाहिले तर चित्र स्वच्छ दिसते, कडेला धूसर होते आणि काळोख्या दृश्यात उजेडाचे फराटे उठतात. म्हणजे दिसण्याच्या बाबतीत ३एस घेणाऱ्याला फारसे नवे मिळत नाही. फरक आहे तो चिपमध्ये. तिच्यामुळे खेळ अधिक सफाईने चालतात. शिवाय बाहेरची खोली क्वेस्ट २ मधून करड्या रंगात दिसते, ती नव्यात रंगीत दिसते. क्वेस्ट ३ मध्ये मात्र भिंगेच बदलली आहेत. पॅनकेक नावाची ही भिंगे कडेपर्यंत स्वच्छ दाखवतात, आणि पडदाही २०६४ बाय २२०८ बिंदूंचा आहे. वजन तिन्हींचे अर्ध्या किलोच्या आसपास. बॅटरी तिन्हींची साधारण दोन-अडीच तास. नाकावर येणारा भार आणि चार्जरची धावपळ नव्यातही सुटत नाही.

घरात या यंत्राचा दुसरा वापर अम्मी करते. तिचे गुडघे गेले आहेत. उमऱ्याला जायचे तिच्या मनात फार आहे, पण डॉक्टर प्रवासाला परवानगी देत नाहीत. मुलगा तिला मक्केच्या हरमचा, म्हणजे काबागृहाभोवतीच्या मशिदीचा, ३६० अंशांचा व्हिडिओ लावून देतो. ती खुर्चीत बसून पाहते, हळूहळू मान फिरवते आणि बराच वेळ काही बोलत नाही. नंतर म्हणते, ‘अंधुक दिसतं रे.’ मुलाच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा हाच होता : नानींसाठी तरी नवा घेऊ.

मुद्दा भावनेला हात घालणारा आहे, म्हणून तो हिशेबाने तपासला पाहिजे. ३६० अंशांच्या व्हिडिओत चित्र आपल्याभोवती पूर्ण गोल पसरलेले असते. साध्या ४के व्हिडिओची रुंदी ३८४० बिंदू. त्यातला साधारण ९० अंशांचा, म्हणजे चौथाच हिस्सा एका वेळी समोर येतो : ९६० बिंदू. जुन्या हेडसेटचा पडदा तर १८३२ बिंदू दाखवू शकतो. म्हणजे पातेले मोठे आहे, डाळच कमी पडते आहे. ४२ हजारांचे नवे पातेले आणले तरी डाळ तेवढीच राहणार. अम्मीला हवा आहे तो अधिक बिंदूंचा व्हिडिओ, आणि तो शोधायला पैसे लागत नाहीत.

दुसरे कारण डोळ्यांतल्या अंतराचे. दोन बाहुल्यांमधले अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. क्वेस्ट २ मध्ये भिंगे ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन जागी सरकवता येतात. घरात मुलगा वापरतो म्हणून ती त्याच्या मापावर असतात, आणि नानीही त्याच मापावर पाहते. चष्मेवाल्याकडे हे अंतर दोन मिनिटांत मोजून मिळते. चष्मा लावून पाहणाऱ्यांसाठी एक जादा कडेही खोक्यात आलेले असते, बहुतेक घरांत ते खोक्यातच पडून असते. भिंग कोरड्या मऊ कापडाने पुसणे हा आणखी एक बिनखर्चाचा उपाय. एवढे करून पाहिल्याशिवाय ‘दिसत नाही’ हे नव्या खरेदीचे कारण होऊ शकत नाही.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी, कारण हिंदू मैत्रिणीही विचारतात. यंत्रातून काबा पाहिला म्हणजे उमरा झाला का? डिसेंबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाने काब्याच्या भिंतीतला हजर-ए-अस्वद हा काळा दगड व्हीआरमधून जवळून पाहण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हा हाच प्रश्न जगभर निघाला. तुर्कस्तानच्या दियानत या धर्मसंस्थेने स्पष्ट केले की असे पाहणे म्हणजे हज नव्हे. हजसाठी माणसाने स्वतः तिथे जावे लागते. आषाढीचा सोहळा टीव्हीवर पाहिला म्हणून वारी होत नाही, तसेच हे. पण वारी न घडलेल्या म्हातारीने टीव्हीवर पालखी पाहून हात जोडले, तर तिला कोणी हसत नाही. अम्मीचे पाहणे मी त्याच भावनेने घेते.

आता मूळ प्रश्न. चौदाव्या शतकात ग्रॅनाडाचे विद्वान शातिबी यांनी माणसाच्या गरजांची जी तीन पायऱ्यांची मांडणी सविस्तर केली, ती मला आजच्या खरेदीलाही उपयोगी वाटते. पहिली पायरी जरूरियात : ज्यावाचून जगणेच अडते. दुसरी हाजियात : ज्यावाचून जगता येते, पण ओढाताण होते. तिसरी तहसीनियात : ज्याने जगणे देखणे होते. तिसरी पायरी निषिद्ध नाही. ईदचे अत्तर तिसऱ्याच पायरीवर आहे आणि ते लावणे चांगले मानले जाते. अट एवढीच की तिसरीसाठी पहिली-दुसरी मोडू नये. ती मोडली की खर्चाचे नाव बदलते आणि त्याला इसराफ, म्हणजे उधळपट्टी, म्हणतात.

ही कसोटी सगळ्यांना एकच उत्तर देत नाही, हाच तिचा गुण आहे. माझ्या ओळखीतला एक मुलगा गेम बनवण्याचा कोर्स करतो आहे. त्याला रंगीत खोलीत आभासी वस्तू ठेवून दाखवण्याचे काम शिकायचे आहे. जुन्या हेडसेटच्या करड्या चित्रावर ते नीट शिकता येत नाही. त्याच्यासाठी क्वेस्ट ३एस ही दुसऱ्या पायरीवरची वस्तू आहे. त्याच्या वडिलांनी ती हप्त्याने का होईना घ्यावी, असे मी म्हणेन. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे त्याला सांगणे अन्यायाचे होईल. ज्या मुलांना हातात यंत्र मिळत नाही, त्यांना पुढे ते यंत्र बनवण्याचे कामही मिळत नाही. पण त्यालाही क्वेस्ट ३ची गरज नाही. चिप दोन्हींत एकच आहे.

माझ्या मुलाची गोष्ट वेगळी. तो खेळतो, मित्रांना खेळवतो, आणि परीक्षेच्या आधी दोन-दोन महिने हेडसेटला हात लावत नाही. त्याचा युक्तिवाद असा की नवे खेळ जुन्यावर चालत नाहीत. हे खरे आहे. २०२४ मध्ये आलेला बॅटमॅनचा गाजलेला खेळ फक्त क्वेस्ट ३ आणि ३एसवर चालतो. पण घरात घेतलेले जुने खेळ संपलेत कुठे? आणि घेतलेले खेळ खात्याला जोडलेले असतात; उद्या हेडसेट बदलला तरी ते सोबत येतात. म्हणजे थांबण्यात तोटा नाही.

थांबण्यालाही शेवट आहे, हे मात्र मुलाचे म्हणणे मला पटते. या यंत्राचे आयुष्य आपल्या हातात नसते. पहिला क्वेस्ट मे २०१९ मध्ये विक्रीला आला. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केले की त्याला नव्या सोयी मिळणार नाहीत आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑगस्ट २०२४ पर्यंतच मिळतील. यंत्र धडधाकट, पण सव्वापाच वर्षांत कंपनीने त्याच्यावरचा हात काढून घेतला. आजोबांची शिवणमशीन चाळीस वर्षे चालली, कारण तिला कंपनीची परवानगी लागत नव्हती. म्हणून माझी मर्यादा ही : सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या की जुना हेडसेट इंटरनेटवरून काढायचा आणि नव्याचा विचार करायचा. कॅमेरे लावून घरात फिरणारे यंत्र पहाऱ्याविना ठेवणे शहाणपणाचे नाही.

तोवर तो टिकवायचा. हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगातून शिरलेले ऊन आतला पडदा जाळते, आणि आपल्याकडचे ऊन तर विचारायलाच नको. पातळ कापडी पट्ट्याऐवजी कडक पट्टा घेतला तर नाकावरचा भार कमी होतो, आणि त्याला नव्या यंत्राच्या मानाने किरकोळ खर्च येतो. शेवटी टाकायची वेळ आलीच, तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर नको. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. बाकीच्यात आपल्या दिवाणखान्यातली यंत्रेही आहेत.

एक बाजू राहिली, आणि मला ती सर्वांत जड वाटते. मागणी मुलाची आहे, पैसे मामूचे जाणार आहेत. माझा भाऊ एसी दुरुस्तीचे काम करतो. रमजानमध्ये रोजा ठेवून, गच्चीवरच्या उन्हात. बहिणीच्या मुलाला तो ‘नाही’ म्हणणार नाही, आणि आपली ओढाताण फोनवर सांगणार नाही. आखातातल्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याची सोय आपण ठेवलेलीच नसते. तो आला की बॅग उघडताना सगळे भोवती बसतात. बॅग भरताना त्याने काय वगळले, हे कोणी विचारत नाही. आपल्या तिसऱ्या पायरीसाठी त्याची पहिली पायरी तर मोडत नाही ना, हे विचारण्याची जबाबदारी मागणाऱ्याची आहे, देणाऱ्याची नव्हे.

म्हणून या ईदला आमच्या घरी नवा हेडसेट येणार नाही. हे मुलाला सगळ्या आकड्यांसकट सांगितले आहे. तो नाराज आहे, आणि नाराज असण्याचा त्याला हक्क आहे. त्याने विचारले, मग ठरवायचे कसे? त्याला सांगितले तेच वाचकांनाही सांगते, मग घरात ईद असो, दिवाळी असो की नाताळ. जुना हेडसेट गेल्या महिन्यात किती तास वापरला, ते मोजा. त्यातली नेमकी कोणती अडचण नव्याने सुटणार आहे, ते कागदावर एका वाक्यात लिहा. आणि पैसे ज्याच्या खिशातून जाणार आहेत, त्याला आधी फोन करून विचारा की त्याचे कसे चालले आहे. यादी त्यानंतर सांगा.

आमच्याकडचा फोन काल तरावीहच्या नमाजनंतर झाला. मामूंना मुलाने इतकेच सांगितले की येताना नानींसाठी चांगला गुडघ्याचा पट्टा मिळाला तर बघा.