‘मोठा झाला की जाईल’ म्हणू नका



आमच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थी स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला नेहमी उजवाच डोळा लावी. “डावा लावून बघ,” मी सहज म्हटले. “सर, त्या डोळ्याने रेघ दिसतच नाही,” तो म्हणाला. तिसऱ्या वर्षी त्याचा डावा डोळा नाकाकडे वळू लागला होता. घरचे म्हणाले, मोठा झाला की जाईल. कोणी तर तिरळेपणा भाग्याचा म्हणून कौतुकही केले!

या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच तो टिकून राहिला आहे. तान्ह्या बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने अधूनमधून भरकटतात व आपोआप सरळ होतात. काही बाळांच्या नाकाचे मूळ रुंद असते, म्हणून डोळे नुसते तिरळे भासतात. पण चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल, किंवा आधीपासूनच सतत वळलेला असेल, तर वाट पाहणे चूक. जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत दिसणाऱ्या, आत वळलेल्या कायमच्या तिरळेपणाला बहुधा शस्त्रक्रिया लागते.

माझ्या विद्यार्थ्याचा प्रकार वेगळा असावा, आणि तो भौतिकशास्त्राचा आहे. साधारण दोन-तीन वर्षांचे मूल चित्रे, खेळणी जवळून न्याहाळू लागते. त्याला दूरदृष्टिता जास्त असेल तर प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे पडते. ती पुढे आणण्यासाठी डोळ्यातले भिंग फुगते. पण भिंग फुगवणे आणि दोन्ही डोळे आत वळवणे या क्रिया मेंदूने एकमेकींना जोडल्या आहेत. भिंग गरजेपेक्षा जास्त फुगले, की डोळाही गरजेपेक्षा जास्त वळतो. बहिर्वक्र भिंगाचा चष्मा लावा, भिंगावरचा भार उतरतो आणि पुष्कळ मुलांचे डोळे सरळ होतात. आठवीच्या मुलाला समजेल असे हे प्रकाशशास्त्र, पण त्यासाठी चष्मा वेळेवर मिळायला हवा.

वेळेवर का? वळलेल्या डोळ्याकडून येणारे वेगळे चित्र लहान मेंदू दुर्लक्षित करू लागतो आणि तो डोळा मंद होतो. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. उघडल्यावर मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील फारच थोड्या पेशी त्याला प्रतिसाद देत. मोठ्या मांजरांत तसे घडले नाही. या दोघांना 1981 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांत सात-आठ वर्षांपर्यंत उपचारांचा गुण सर्वांत चांगला येतो. पुढे तो येतच नाही असे नाही, पण कमी येतो.

शिक्षकांनाही एक सांगायचे आहे. बाहेर वळणारा तिरळेपणा बहुधा एक ते चार वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि लपंडाव खेळतो: मूल दमले, तंद्रीत गेले की दिसतो, एरवी नाही. उन्हात प्रार्थनेला उभा असलेला बालवाडीतला मुलगा एकच डोळा मिटत असेल, तर त्याला दटावू नका, पालकांना बोलवा. मोठ्या मुलाचा डोळा अचानक वळला किंवा त्याला एकाची दोन दिसू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तरी तेच.

घरी धाकटे भावंड आहे ना? हातभर अंतरावर छोटी बॅटरी धरा, त्याला तिच्याकडे पाहू द्या. दोन्ही बाहुल्यांत प्रकाशाचा ठिपका सारख्याच जागी हवा. एक ठिपका सरकलेला दिसला तर आईला सांगा. ठिपके जुळले तरी डोळा कधीकधी वळताना दिसत असेल, तर तेही सांगा.