गप्प राहणेही गुन्हाच

भिवंडीत यंत्रमागाची पाळी बारा तासांची. आई-बाप कामावर असताना मूल कुणाच्या तरी भरवशावर सोडावे लागते आणि निजामपुऱ्यासारख्या वस्तीत धर्मशिक्षण देणाऱ्यावर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात. एप्रिल २०२५ मध्ये याच शहरातल्या एका मौलानाला पोलिसांनी उत्तराखंडात पकडले. एका मुलावरचा लैंगिक अत्याचार पाहिला म्हणून १७ वर्षांच्या मुलाचा खून केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. तो मुलगा नोव्हेंबर २०२० पासून बेपत्ता होता. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचा आहे. पण पाहिलेले सांगण्यासाठी त्या मुलाला सुरक्षित जागा कोणती होती?

हा प्रश्न एका धर्माचा नाही. गोवंडीच्या शिवाजीनगरमधील चर्चचे फादर जॉन्सन लॉरेन्स यांनी २०१५ मध्ये १३ वर्षांच्या मुलावर अत्याचार केला. कुटुंबाने आधी आर्चबिशपांकडे दाद मागितली, पण पोलिसांत मात्र त्यांना स्वतःच जावे लागले. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने जन्मठेप सुनावली.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार असा खटला शक्यतो एका वर्षात संपायला हवा. इथे सहा वर्षे गेली. तेरा वर्षांचा मुलगा तोवर प्रौढ झाला होता.

कायदा कमकुवत नाही. धार्मिक संस्थेतल्या माणसाने केलेला असा अत्याचार कलम ५ नुसार अधिक गंभीर ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान २० वर्षांची शिक्षा आहे. कलम १९ प्रमाणे, गुन्हा कळला की पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही ‘संस्थेची बदनामी नको’ म्हणत प्रकरण आपसात मिटवणारे विश्वस्त मोकळे राहतात. पोलिसांनी हे कलम कागदावरून उतरवून वापरायला हवे.

शिक्षेने मुलाची झोप परत येत नाही. विशेष न्यायालय खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई देऊ शकते, बालकल्याण समिती सोबतीला साहाय्यक व्यक्ती नेमू शकते, अत्याचारपीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. पण पाळी बुडाली की रोजगार बुडणाऱ्या बापाने यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ठाण्याला किती खेपा घालायच्या? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आठवड्यातून एक दिवस निजामपुऱ्यातच बसावे आणि भरपाईचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत.