चांदीचा मान

दागिन्याचें मोल कशावरून ठरवावें? वजनावरून, असें उत्तर कोणतीहि गृहिणी तत्काळ देईल. आणि अडीअडचणीच्या वेळीं घराच्या उपयोगी पडणारी ती ठेव असल्यामुळें हें उत्तर आम्हीहि खोटें म्हणत नाहीं. परंतु केवळ घडणीच्या बळावर चांदीस सोन्याच्या पंक्तीला बसविणाऱ्या एका इटालियन स्त्रीचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

एल्सा पेरेत्ती यांचा जन्म फ्लॉरेन्स येथें १ मे १९४० रोजीं झाला. वडील फर्दिनांदो हे खनिज तेलाच्या व्यापारांतील मोठे धनिक. घरच्यांनीं आखलेला मार्ग एल्साबाईंस मानवला नाहीं. त्यांनीं घर सोडलें, तेव्हां वडिलांचा रोष झाला व घरचा पैसाहि थांबला. स्वित्झर्लंडांत फ्रेंच भाषा व बर्फावरील घसरखेळ शिकवून त्यांनीं निर्वाह केला. पुढें बार्सिलोना येथें आणि १९६८ पासून न्यूयॉर्क येथें नव्या पोषाखांच्या प्रदर्शनांत मॉडेल म्हणून काम केलें.

जुन्या बाजारांत मिळालेल्या एका चिमुकल्या फुलदाणीवरून त्यांनीं १९६९ मध्यें गळ्यांत घालावयाची चांदीची कुपी करविली. लहानपणीं रोममधील कापुचिन संन्याशांच्या अस्थिगृहांतून त्या हाड उचलून आणीत, व आई तें परत ठेवावयास पाठवी. त्याच आठवणींतून मनगटाच्या हाडावर नेमकें बसणारें त्यांचें प्रसिद्ध रुंद कडें जन्मास आलें.

१९७४ मध्यें न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यांच्या पेढीनें त्यांच्याशीं करार केला. सुमारें पाव शतक त्या पेढीनें चांदीचे दागिने विकलेच नव्हते! बाईंनीं ते पुन्हां प्रतिष्ठेस चढविले. बारीक साखळींत अंतराअंतरानें लहान हिरे गुंफून त्यांनीं जो हार केला, त्यास ‘वारानें मोजलेले हिरे’ अशा अर्थाचें नांव दिलें. स्वतःच्या मिळकतीवर राहणाऱ्या स्त्रीसहि एखादा हिरा घेतां यावा, हा त्यांतील हेतु.

१९७७ मध्यें वडील वारले. तत्पूर्वीं बापलेकींचा समेट झाला होता. पुढें २००० सालीं, ज्यांनीं एकेकाळीं हात आखडला होता त्याच वडिलांच्या स्मरणार्थ, त्यांनीं धर्मादाय संस्था स्थापिली. स्पेनमधील सांत मार्ती वेल या ओसाड पडत चाललेल्या खेड्यांतील घरें त्यांनीं एकामागून एक दुरुस्त करविलीं, व तेथेंच १८ मार्च २०२१ रोजीं त्यांचा अंत झाला.

समेट झाला खरा, परंतु मधलीं वर्षें कोणास परत मिळालीं? मुलीच्या अंगीं एखादी कला दिसली, तर तिच्या लग्नासाठीं सोनें जमविणाऱ्या वडीलमंडळींनीं त्यांतील थोडा पैसा त्या कलेच्या शिक्षणासहि लावावा. रागानें तोडलेला धागा जुळण्यास कधीं कधीं आयुष्य पुरत नाहीं, एवढेंच आमचें सांगणें आहे.