तुमच्या वादात आमचे अण्णा कुठेच नाहीत

अमली पदार्थांच्या कायद्यावर संसदेत आणि वाहिन्यांवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मान्यवरांस,

सप्रेम नमस्कार.

‘सप्रेम’ लिहिलं ते रीत म्हणून. मनात राग आहे आणि तो लपवायची इच्छा नाही.

तुमचं भांडण मी बरीच वर्षं ऐकते आहे. २०१६ साली पतियाळाचे खासदार डॉ. धरमवीर गांधी यांनी अफू-गांजाला मोकळीक देणारं खासगी विधेयक पुढे केलं, तेव्हा तुमचे दोन तट पडले. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला. भारतानं बाजूनं मत दिलं, तेव्हा पुन्हा तेच. पुढच्या वर्षी मुंबईच्या क्रूझवर छापा पडला आणि मग टीव्हीवर दुसरं काही दिसेचना. एक म्हणतो, आमचं शरीर, आमची मर्जी. दुसरा म्हणतो, पिढी बरबाद होईल. दोघांच्याही तोंडी नशा. ज्याला नशा नकोच आहे, फक्त ठणका थांबायला हवा आहे, असा माणूस या कायद्याखाली भरडला जातो हे तुमच्यापैकी किती जणांनी एकदा तरी उच्चारलं?

माझ्या वडिलांना, आमच्या अण्णांना, जबड्याचा कॅन्सर झाला. कारण तंबाखू. उभं आयुष्य मळून, चुना लावून दाढेखाली धरली. ती कोपऱ्यावरच्या पानपट्टीत राजरोस मिळे, कुणी चिठ्ठी मागितली नाही. आजार हाताबाहेर गेल्यावर डॉक्टरांनी मॉर्फीन लिहून दिलं. तालुक्यातला मेडिकलवाला चिठ्ठी पाहूनच मागे सरला. “ताई, ते ठेवायचं म्हणजे भानगड. दुसरं काही असेल तर सांगा.” सरकारी दवाखान्यात उत्तर मिळालं, “आमच्याकडे येत नाही.” आणि एका शिकल्यासवरल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की यानं सवय लागते. काही आठवड्यांचा सोबती असलेल्या माणसाला व्यसन लागेल म्हणून ही काळजी! अण्णा तेव्हा रात्रभर भिंतीला डोकं टेकून बसायचे, कारण आडवं पडलं की कळ कानापर्यंत जायची.

अखेर शहरातल्या एका रुग्णालयात औषध मिळालं. गोळी काही रुपयांची, एसटीचं तिकीट त्याहून महाग. पूड करून, पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून दिली. दोन दिवसांनी अण्णांनी पाटी मागितली आणि उसाच्या बिलावरून माझ्या भावाशी लिहून भांडले. भांडण्याइतकं त्राण माणसाला परत मिळालं, ते या ‘अमली पदार्था’मुळे. पण आधीचे दिवस त्यांना कुणी परत देणार आहे का?

हे कसं झालं, तेही मी शोधलं. राग आला की मला वाचायची सवय आहे. अमली पदार्थांविरुद्धचा हा एनडीपीएस कायदा १९८५चा. त्यात मुळात बहुतेक गुन्ह्यांना किमान शिक्षा दहा वर्षं सक्तमजुरी आणि लाखाचा दंड होता. नोंदवहीत गफलत झाली तर काय, या धास्तीनं औषधवाले आणि रुग्णालयं मॉर्फीन ठेवेनाशी झाली. त्यात परवाने चार-पाच, वेगवेगळ्या खात्यांचे, वेगवेगळ्या मुदतींचे. एक हाती येईतो दुसरा संपलेला. पुढच्या काही वर्षांत देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. आणि ज्या अफूपासून मॉर्फीन बनतं ती पिकते कुठे? आपल्या शेजारी मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचच्या शेतांत, सरकारी पट्ट्यावर. नीमचला सरकारचा अफूचा कारखाना आहे, तिथून माल परदेशी जातो. बाहेरच्यांच्या वेदनेला आपली अफू चालते.

केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ साली कायदा बदलला. ‘अत्यावश्यक’ औषधांची यादी आली, मॉर्फीन तिच्यात गेलं, मान्यताप्राप्त रुग्णालयाला एकच मंजुरी पुरेशी झाली. दिल्लीत ते सुटलं, आमच्या तालुक्यात पोचलं नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे आणि तो हव्या त्या टपरीवर मिळतो. मॉर्फीनला मुभा आहे आणि ते शोधायला जिल्हा ओलांडावा लागतो.

तुम्ही अमेरिकेचं बोट दाखवाल, ते मला ठाऊक आहे. तिथे कंपन्यांनी खोटं सांगून साध्या पाठदुखीलाही असल्या गोळ्या खपवल्या आणि गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. खरं आहे. म्हणून हिशेब ठेवा, तपासण्या करा. केरळात गावोगावचे स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात, तिथे मॉर्फीन मिळतं, नोंद राहते, आणि त्यापायी केरळ काही गर्दुल्ल्यांचं राज्य झालं नाही. गर्द मलाही खुलं नको आहे. आमच्या गल्लीतला एक मुलगा त्यात गेला. गांजाचं म्हणाल तर, पानांची भांग चालते आणि शेंड्याचा गांजा गुन्हा ठरतो, या कायद्याचं तुम्ही खुशाल काय ते करा. त्या भांडणात मला पडायचं नाही.

माझं मागणं छोटं आहे आणि त्याला नवा कायदाही लागत नाही. विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात तुमच्या एखाद्या आमदाराला उठून आरोग्यमंत्र्यांना विचारायला लावा: राज्यात कुठल्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत आज मॉर्फीनची गोळी शिल्लक आहे? नावनिशीवार यादी मागा आणि ती रुग्णालयांच्या दारावर लावायला लावा. ज्या गावांची नावं तिच्यात नसतील तिथे का नाहीत, हे पुन्हा विचारा. विरोधकांनी विचारलं तरी चालेल, सत्ताधाऱ्यांनी विचारलं तरी चालेल. अण्णांच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या, त्यांचं गाव आमच्याहून लांब होतं.

आपली,
अण्णांची मुलगी