पडक्या किल्ल्याला नेमकं काय हवंय?



'पडक्या किल्ल्याचे मनोगत' हा निबंध आपण सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलाय, आणि आता मुलांकडून लिहून घेतोय. सुरुवात ठरलेली असते: सहलीला गेलो होतो, थकून एका दगडावर बसलो, तेवढ्यात आवाज आला. मध्ये तोफा, मावळे, शत्रूचा वेढा. शेवट तर दरवर्षी तोच: 'माझी दुरुस्ती करा, मला माझं गेलेलं वैभव परत मिळवून द्या.'

या शेवटाला आपण डोळे मिटून गुण देतो. माझ्या मते हा शेवट चुकीचा आहे, आणि तो वहीतच राहत नाही हा खरा त्रास आहे. हीच मुलं उद्या ग्रामपंचायतीत, नगर परिषदेत, देवळाच्या समितीत बसतात. तिथं 'सुशोभीकरणाचा' ठराव होतो, निधी येतो, आणि 'वैभव परत मिळवून द्यायला' सिमेंटची पोती, ऑइल पेंटचे डबे आणि चकचकीत टाइल्स येतात. काम झाल्यावर सगळे खूश. पण जे जुनं होतं ते त्या टाइल्सखाली कायमचं गेलेलं असतं.

आपल्याच भंडारा जिल्ह्याचं बघू. तुमसर तालुक्यातला आंबागड. सन १७०० च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या राजवटीत राजाखान पठाण या सरदाराने हा किल्ला बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंगासारखा वापर केला. कैद्यांना तिथल्या बावडीचं साचलेलं पाणी पाजून मारत, अशी गोष्ट सांगितली जाते. आता मला सांगा, आंबागडचं 'गेलेलं वैभव' म्हणजे नेमकं कुठलं? गोंड राजवटीचं की भोसल्यांच्या कैदखान्याचं? आणि हो, आंबागडावर निबंध लिहितानाही आपली मुलं मावळेच आणतात. गाइडमधला निबंध रायगडासाठी लिहिलेला असतो, पोरं फक्त नाव बदलतात. यात पोरांचा दोष थोडा, आपला जास्त.

आंबागड तरी सोपा. खरी परीक्षा पवनीला होते.

पवनी आपल्याला माहीत आहे ती घाटांची आणि देवळांची. 'विदर्भाची काशी' म्हणून आपण अभिमानाने सांगतो. पण ही त्याहून कितीतरी जुनी वस्ती आहे. पूर्वेला वैनगंगा आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना मातीचा प्रचंड तट आणि खंदक. या मातीच्या तटावर पुढच्या काळात दगडी बांधकाम चढलं. दरवाजाला आज सगळे 'जवाहर गेट' म्हणतात. नाव ऐकलं की कळतं ते कुठल्या काळातलं असणार, पण दरवाजा काही पंडित नेहरूंच्या काळातला नाही! म्हणजे एकाच जागी तट एका काळाचा, दगडी काम दुसऱ्या काळाचं, नाव तिसऱ्या काळाचं.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखालच्या या कामात जगन्नाथ टेकडी आणि चांदकापूरची टेकडी इथं मौर्य-सातवाहन काळातले बौद्ध स्तूप उजेडात आले. आकाराने सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या जोडीला बसतील असे. कठड्याचे कोरीव खांब मिळाले. त्यांतल्या एकावर फणा उभारलेला मुचलिंद नाग आहे आणि शेजारी ब्राह्मी लिपीत त्याचं नावही कोरलंय. बुद्ध मात्र मूर्तीच्या रूपात नाही, नागाच्या फण्याखाली रिकामं आसन आहे, कारण त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. सातवीच्या मुलाला हे एकदा नीट समजावून सांगा, तो विसरत नाही.

जगन्नाथ टेकडीला हे नाव पडलं ते तिथल्या जगन्नाथाच्या देवळावरून. म्हणजे पोटात स्तूप आणि वर देऊळ. 'मूळ रूप परत आणा' असं म्हणणाऱ्याने आता सांगावं, मूळ कुठलं धरायचं? देऊळ काढून स्तूप बांधायचा? की स्तूप विसरून देवळालाच संगमरवर लावायचा? दोन्हीमध्ये खरं काहीतरी मोडतं. पवनीचं खरेपण त्या थरांमध्येच आहे, एकावर एक बसलेल्या. तिथं शिक्षकाचं काम एवढंच की हे थर मुलांना दाखवायचे आणि कुठलाही एक थर 'आपला' म्हणून बाकीचे पुसायचे नाहीत.

पवनीजवळच रुयाडला अलीकडे उभारलेला महासमाधीभूमीचा स्तूप आहे. काही जण नाक मुरडतात, 'तो काय, नवीन आहे.' मला तो खटकत नाही. तो नवा आहे आणि नवा म्हणूनच उभा आहे. आज बांधलेलं दोन हजार वर्षांपूर्वीचं म्हणून दाखवलं तर तक्रार करू. तिथं श्रद्धेने जाणाऱ्या माणसाची कुणी फसवणूक केलेली नाही.

आता सिमेंटबद्दल थोडं सविस्तर, कारण गावोगावी नुकसान इथंच होतं आणि बहुतेक वेळा चांगल्या मनाने होतं. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुनखडी भाजायची, कळीचा चुना पाण्यात मुरवायचा, वाळू किंवा विटांची भुकटी घालून घाणीत मळायचा, वर गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर असं काही ना काही, जिथं जे मिळेल ते. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा होतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती पांढरी होते, तो प्रयोग आपण वर्गात करतोच. भिंतीत तेच घडतं, फक्त वर्षानुवर्षं. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. तिच्यावर सिमेंटचा जाड गिलावा मारला की ओल आत अडकते, क्षार बाहेर यायला धडपडतात, विटेला लोणा लागतो आणि वीट आतून भुगा होते. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते! दहा-वीस वर्षांनी गिलाव्याचा पापुद्रा सुटतो तेव्हा त्याच्यासोबत जुन्या विटेचा चेहराही येतो. मग लोक म्हणतात, 'जुनं बांधकामच कच्चं होतं.'

एका गावात जुन्या देवळाच्या कोरीव खांबांना चार रंगांचा ऑइल पेंट दिलेला मी पाहिलाय. गाव, समिती यांची नावं घेत नाही, कारण हे एकट्या त्या गावाचं नाही. देऊळ चालतं आहे, रोज पूजा होते, त्यामुळे गावकऱ्यांचा हक्क आधी, हे मला मान्य आहे. फक्त रंगाखाली एखादा शिलालेख तर नव्हता ना, हे विचारायलाही कुणी थांबलं नव्हतं.

'मग काय, पडू द्यायचं का सगळं?' असं पालक सभेत विचारतात. अजिबात नाही. आपल्याकडे दुरुस्तीची उत्तम परंपरा आहे. पावसाळ्याआधी आपण घरावरचे कवेलू फेरतो. फुटलेले काढतो, चांगले ठेवतो, कमी पडले तर नवे घालतो. पन्नास वर्षांत छतावरचे किती कवेलू मूळचे राहत असतील? तरी घर आजोबांचंच राहतं, कारण आकार तोच, पद्धत तीच, आणि फेरणाऱ्या हातांना ती येते. जपानात इसे इथलं मंदिर दर २० वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधतात, अलीकडचं बांधकाम २०१३ मध्ये पूर्ण झालं. तेही या अर्थाने जुनंच आहे. १९९४ मध्ये जपानमधल्याच नारा शहरात जगभरच्या तज्ज्ञांनी एक दस्तऐवज केला. खरेपण दगड-लाकडात तर असतंच, पण ते वापरात, परंपरेत, कारागिरीत आणि भोवतालच्या परिसरातही असतं, असं त्यात मान्य झालं. त्याआधी १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितलं होतं की जिथं अंदाज सुरू होतो तिथं जीर्णोद्धार थांबला पाहिजे. मला हे वाक्य निधी मंजूर करणाऱ्या प्रत्येक टेबलावर हवंय.

आता पर्यटन. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, ११ आपल्या राज्यातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. विदर्भातला एकही नाही. 'आपल्याकडे पाहण्यासारखं काही नाही' हे वाक्य त्यानंतर मी जास्तच ऐकलं. दुसरीकडे गोसीखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटन येऊ घातलंय. लोक बोटीत बसायला येतील, पवनीतून जातील, पोरांना काम मिळेल. छानच आहे, धानाच्या भरवशावर किती दिवस काढायचे! पण पाहुणा आला की त्याला 'काहीतरी दिसायला' हवं, अशी घाई सुटते. मग तटावर दिव्यांच्या माळा, टेकडीवर सेल्फी पॉइंट, खंदकात कारंजं. यांतलं काही झालंच पाहिजे असं नाही. चांगला माहितीफलक, सावली, पिण्याचं पाणी, मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि गावातलाच माहीतगार वाटाड्या, यांनी काहीही मोडत नाही आणि माणूस दोन तास जास्त थांबतो.

कायदा आहेच. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संविधानाच्या कलम ५१क मध्ये वारसा जपणं हे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलंय, आपण ते परिपाठात म्हणून घेतो. पण गावातल्या बहुतेक जुन्या वास्तू कुठल्याच यादीत नाहीत. त्यांचं राखण गावाचं शहाणपणच करतं.

म्हणून यंदा माझ्या वर्गात निबंधाचा शेवट बदललाय. 'वैभव परत द्या' लिहिलं तर गुण नाहीत, असं सांगून टाकलं. थोडी कुरकुर झाली. त्याऐवजी मुलांनी जवळच्या एखाद्या जुन्या जागी जायचं, पवनीचा तट असो, गावची बारव असो की आजीचं कवेलूचं घर. तिथं जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं ती रेघ शोधायची. कुठल्या गोष्टीला पुरावा आहे आणि कुठली 'असं म्हणतात' आहे, हे वेगळं लिहायचं. दुरुस्ती झाली असेल तर ती कुणी, कधी, कशाने केली ते विचारायचं. फोटो काढून तारीख घालायची आणि वही शाळेत जमा करायची, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना काय बदललं ते कळेल. पालकांनी एवढंच करावं: पोराला गाडीवर बसवून तिथं न्यावं, आणि ग्रामसभेत पुढच्या वेळी 'सुशोभीकरण' हा शब्द आला की अंदाजपत्रकात चुना किती आणि सिमेंट किती, हे विचारावं.